किल्ली आणि ऐवज : महानुभाव सूत्रांचा माग

गेल्या वर्षी एम. ए.च्या एका विद्यार्थ्याने चर्चासत्रासाठी लिहिलेला निबंध माझ्याकडे वाचायला दिला. विषय होता ‘प्राचीन मराठी वाङ्मयातील प्रदेशजाणीव’. निबंध मेहनतीने लिहिलेला होता. त्यातला मध्यवर्ती पुरावा म्हणजे श्रीचक्रधरांचे ते सर्वपरिचित सूत्र : अनुयायांनी महाराष्ट्रातच राहावे, अशा आशयाचे. त्यावरून विद्यार्थ्याने निष्कर्ष काढला होता की, तेराव्या शतकातच मराठी माणसाला आपल्या प्रांताचा जाज्वल्य अभिमान होता. मी समासात एवढेच लिहिले : ‘हे कुठे आले आहे? शेजारी काय आहे?’ दोन दिवसांनी तो आला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, “सर, मला ते वाक्य तसंच सापडलं. शेजारी काहीच नव्हतं.”

महानुभाव वाङ्मयाचा थोडाफार परिचय असलेल्या कोणालाही हे उत्तर ऐकून वाईट वाटेल. ते सूत्र ‘सूत्रपाठा’च्या आचार या भागात आहे आणि त्याच्या अगदी लगत कानडी व तेलंगी मुलखात जाऊ नये असा निषेध आहे. त्या निषेधाचे कारणही तिथेच दिले आहे. ते प्रदेश विषयभोगांनी भरलेले आहेत आणि तिथे तपस्व्याला मान मिळतो! संन्यस्त माणसाला मान मिळणे हा धोका. म्हणून तिकडे जाऊ नये. याच आचार भागात परक्या मुलखाच्या टोकाला, ओळखदेख नसलेल्या ठिकाणी, झाडाखाली दिवस काढावेत असाही उपदेश आहे. म्हणजे सूत्राचा रोख प्रांताच्या गौरवाकडे नसून साधकाच्या एकाकीपणाकडे आहे. पुढे भाष्यकारांनी महाराष्ट्र म्हणजे नेमका कोणता प्रदेश, त्याची खंडमंडळे कोणती, त्याचे गुण कोणते याची चर्चा केली, हे खरे. पण ती भाष्यकारांची चर्चा. ती सूत्राच्या पदरात घालता येत नाही.

विद्यार्थ्याचा दोष काय? त्याने ऐवज उचलला, पण ज्या किल्ल्यांनी तो ऐवज ठेवला होता त्या वाटेतच गळून पडल्या. हा शब्दप्रयोग माझा नव्हे. आमच्या शिक्षककक्षात माझ्या शेजारी संगणकशास्त्राचे एक प्राध्यापक बसतात. मी त्यांना ही हकीकत सांगितली तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “आमच्याकडे पहिल्या वर्षाची मुलं हीच चूक करतात.” मग त्यांनी खडू घेतला. त्या दुपारी फळ्यावर जे पाहिले त्यामुळे एका जुन्या पोथीपरंपरेची रचना मला प्रथमच स्पष्ट दिसली, म्हणून हा लेख.

वस्तुनिष्ठ, म्हणजे ‘ऑब्जेक्ट-ओरिएंटेड’, आज्ञावलीत माहिती साठवण्याची एक रीत अशी की, प्रत्येक नोंदीला एक किल्ली द्यायची आणि त्या किल्लीवर तिचा ऐवज ठेवायचा. संगणकवाले ‘की’ आणि ‘व्हॅल्यू’ म्हणतात. ‘व्हॅल्यू’ला आपण सहज ‘मूल्य’ म्हणून मोकळे होतो. पण बँकेच्या लॉकरमध्ये किंवा घरच्या पेटीत जे जपून ठेवतात त्याला मराठीत ‘ऐवज’ हा नेमका शब्द आहे, तोच इथे वापरतो. गंमत अशी की, ऐवज म्हणून पुन्हा दुसरी पेटी ठेवता येते. तिच्यात तिच्या स्वतःच्या किल्ल्या आणि त्यांचे ऐवज. पेटीत पेटी, तिच्यात आणखी पेटी. वऱ्हाडातल्या माणसाला हे समजायला संगणक लागत नाही. जिल्हा यवतमाळ, तालुका दारव्हा, मौजा अमुक, गट क्रमांक तमुक एवढे म्हटले की तलाठी शेतापर्यंत पोचतो. नुसता गट क्रमांक सांगितला तर तो कपाळाला हात लावेल, कारण तोच क्रमांक शेजारच्या मौजातही असतो. सातबारा जमिनीकडून माणसाकडे नेतो. उलट एखाद्या खातेदाराच्या नावावर त्या गावात कोणकोणती जमीन आहे हे पाहायचे तर सातबाऱ्याची पाने उलटत बसावे लागेल. म्हणून त्यासाठी आठ-अ हा वेगळा नमुना ठेवलेला असतो. हा दुहेरी व्यवहार लक्षात ठेवावा, पुढे त्याचेच काम आहे.

या विचाराचा इतिहास फार जुना नाही. ‘वस्तू’ आणि ‘वर्ग’ या कल्पना आज्ञावलीच्या भाषेत प्रथम रुजवल्या त्या ओस्लोच्या नॉर्वेजियन संगणन केंद्रात क्रिस्टन निगार्ड आणि ओले-योहान दाल यांनी, ‘सिम्युला ६७’ या भाषेत. त्यानंतर कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७२ पासून ॲलन के, डॅन इंगल्स, अडेल गोल्डबर्ग आदींनी ‘स्मॉलटॉक’ ही भाषा घडवली. स्मॉलटॉकमध्ये सगळा व्यवहार निरोपांचा. वस्तूच्या पोटात हात घालायचा नाही. तिला निरोप पाठवायचा, ती उत्तर देईल. किल्ल्या-ऐवजांच्या पेटीला तिथे ‘डिक्शनरी’ असे नाव आहे. १९८३ मध्ये गोल्डबर्ग आणि डेव्हिड रॉबसन यांनी या भाषेचे जे पुस्तक प्रसिद्ध केले त्यात या डिक्शनरीला कोणते निरोप पाठवता येतात ते दिले आहे. आमच्या प्राध्यापकमित्रांनी फळ्यावर त्यांतले चार लिहिले, आणि एखादे टीकाशास्त्राचे पुस्तक उघडावे तसे मला झाले.

‘कीज्’ असा निरोप पाठवला की डिक्शनरी आपल्या सगळ्या किल्ल्या देते, आणि त्या ‘सेट’मध्ये देते, सेट म्हणजे असा समूह की ज्यात एकच गोष्ट दोनदा येत नाही. ‘व्हॅल्यूज्’ असा निरोप पाठवला की सगळे ऐवज मिळतात, पण ते ‘बॅग’मध्ये. बॅग म्हणजे पोतडी : तिच्यात एकसारख्या दहा गोष्टी असू शकतात, क्रम नसतो, आणि कोणती गोष्ट कोणत्या किल्लीवरची याचा पत्ता लागत नाही. शिवाय पेटीत पेटी असेल तर वरच्या पेटीला विचारून आतला ऐवज मिळत नाही; मिळतात आतल्या पेट्या. त्यांना पुन्हा विचारावे लागते, त्यांच्या आतल्यांना पुन्हा. हा उतार घाईने उतरणारा विद्यार्थी शेवटी सगळे ऐवज एका पोतडीत गोळा करतो आणि खूश होतो. त्याच्या हाती वाट राहिलेली नसते. जाणकार प्रत्येक ऐवजाबरोबर त्याची वाटही उचलून आणतो.

तिसरा निरोप उलटा आहे. ऐवज दाखवून ‘याची किल्ली कोणती?’ असे विचारायचे. गोल्डबर्ग-रॉबसन यांनी त्याचे वर्णन मोठ्या सचोटीने केले आहे : ऐवज एकमेव असेलच असे नाही, म्हणून शोधताना जी किल्ली प्रथम हाती लागेल ती मिळेल, आणि कोणतीच नसेल तर ‘निल’, म्हणजे काहीच नाही, असे उत्तर येईल. चार ठिकाणी तेच वाक्य असेल तर चारांतले एक ठिकाण कळते आणि बाकीची तीन होती हेही कळत नाही. आपल्या समीक्षेतील कितीतरी संदर्भ याच जातीचे आहेत! चौथ्या निरोपात मात्र किल्ली सापडली नाही तर काय करायचे ते विचारणाऱ्यानेच आधी सांगून ठेवायचे असते. शोधाला निघण्यापूर्वीच अपयशाची तरतूद करायची. संशोधनपद्धतीच्या तासाला हे शिकवायला हरकत नाही.

आता महानुभावांकडे वळू.

चक्रधर उत्तरापंथे निघून गेल्यावर मागे राहिली ती माणसे आणि त्यांच्या आठवणी. रिद्धपुरी नागदेवाचार्यांच्या सान्निध्यात असताना म्हाइंभटांच्या मनात आले की, या लीळा लिहून ठेवल्या पाहिजेत. तेराव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकातली ही गोष्ट. परंपरा सांगते की ज्या ज्या माणसाला चक्रधरांचा सहवास घडला त्याच्याकडे म्हाइंभट स्वतः जात, तो शेतात असेल तर शेतात जात, त्याचे काम चालू असताना ऐकत, आणि ऐकलेले नागदेवाचार्यांकडून पडताळून घेत. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ असा साक्षी नोंदवून सिद्ध झाला. त्याची मांडणी पाहा. ग्रंथाचे भाग तीन : एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध. एकांकात चक्रधर एकटे हिंडत होते त्या काळातल्या लीळा. परिवार जमल्यानंतरच्या पुढच्या दोन भागांत. प्रत्येक भागात शेकडो लीळा, प्रत्येक लीळेला तिचे नाव. नावे बहुधा अशी की कोणाची तरी ‘भेटि’, कुठल्या तरी गावची ‘वस्ति’, कुठल्या तरी मठातले ‘अवस्थान’. म्हणजे किल्लीतच माणूस किंवा स्थळ गुंफलेले. लीळेच्या आत प्रसंग, प्रसंगाच्या आत संवाद, संवादाच्या आत चक्रधरांचे वचन. वचन सर्वांत आतल्या पेटीत आहे. ते कोणी विचारले म्हणून आले, कुठल्या देवळाच्या पायरीवर आले, विचारणारी बाई रडत होती की हट्ट करीत होती, हे सर्व त्याच्या वाटेवरचे आहे.

मग घाला आला. दिल्लीच्या फौजांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली असे परंपरा मानते. ज्यांनी ती ऐकली होती, पाठ केली होती, त्यांनी आपापल्या स्मृतीतून ती पुन्हा उभी केली. हिराइसेचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ, परशरामबासांचा पाठ असे निरनिराळे पाठ झाले. एकाच लीळेचे तपशील वेगवेगळे निघाले : कोणी म्हणे हे अमक्या गावी घडले, कोणी म्हणे तमक्या, कोणी वचनात एक शब्द जास्त सांगे. आता एका किल्लीवर दोन ऐवज आले तर डिक्शनरी काय करते? दुसरा ठेवताना पहिला पुसून टाकते, आणि तक्रारही करीत नाही. महानुभाव लेखकांनी तसे केले नाही. त्यांनी एक पाठ मुख्य धरला आणि दुसरा ‘वासना’ म्हणून त्याच्याजवळ लिहून ठेवला, कुठे ‘शोधु’ म्हणून, कुठे सांगणाऱ्याच्या नावानिशी. पाठभेद तळटीपेत ढकलण्याची सोय त्यांच्याजवळ नव्हती, म्हणून तो मजकुरातच जिवंत राहिला. ‘वासना’ हा शब्दही किती मार्मिक! अत्तराच्या रिकाम्या कुपीत राहतो तो वास. मूळ गेले, पण त्याचा दरवळ कोणाकडे कसा राहिला याची ही नोंद.

आमच्या विद्यार्थ्यांना एक व्यावहारिक सूचना इथेच करून ठेवतो. हरि नारायण नेने यांनी १९३० च्या दशकात, शं. गो. तुळपुळे यांनी १९६० च्या दशकात आणि वि. भि. कोलते यांनी १९७८ मध्ये लीळाचरित्र संपादित करून प्रसिद्ध केले. या आवृत्त्यांमध्ये लीळांचा अनुक्रम व क्रमांक सारखा नाही. ‘उत्तरार्ध, लीळा अमुक’ एवढाच संदर्भ दिला तर तो अर्धी किल्ली दिल्यासारखा होतो. संपादकाचे नाव हीदेखील त्या किल्लीचा भाग आहे. प्रबंधांमध्ये ही गफलत इतकी सर्रास आढळते की परीक्षकांनीही ती पाहणे सोडून दिले असावे.

असो. खरा पेच निर्माण झाला तो केसोबासांच्या कार्यामुळे, आणि तो पेच त्या परंपरेने कसा सोडवला हे पाहण्यासारखे आहे. केसोबासांनी लीळांमधून चक्रधरांची वचने वेगळी काढली. संगणकाच्या भाषेत, त्यांनी सर्वांत आतल्या पेट्यांपर्यंत उतरून ‘व्हॅल्यूज्’ गोळा केले. पण त्यांनी पोतडी भरली नाही. त्यांनी नवी पेटी तयार केली. सूत्रपाठात अन्यव्यावृत्ति, युगधर्म, विद्यामार्ग, संहार, संसरण, उद्धरण, असतिपरी, महावाक्य, निर्वचन अशी नऊ प्रकरणे आणि पुढे विचार, आचार व त्यांच्या मालिका आहेत. म्हणजे आधी जे वचन व्यक्ती आणि स्थळ यांच्या किल्लीने ठेवलेले होते ते आता विषयाच्या किल्लीने ठेवले गेले. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला ही केवढी सोय! पण सोय झाली की किंमत मोजावी लागते. सूत्र प्रसंगातून सुटले. ज्या म्हातारीच्या प्रश्नाला ते उत्तर होते ती म्हातारी मागे राहिली, आणि उत्तर सर्वकालीन सिद्धान्तासारखे दिसू लागले.

महानुभावांनी हा धोका ओळखला असावा. कारण सूत्रपाठाच्या पाठोपाठ ‘प्रकरणवश’ या नावाच्या पोथ्या दिसतात. प्रत्येक सूत्र कोणत्या प्रकरणाच्या वशाने, कोणत्या प्रसंगाने आले हे सांगणे हेच त्यांचे काम. ऐवज हाती धरून किल्ली शोधायची ती ही उलटी वाट. आपल्या आठ-अ सारखी, मूळ नोंदीपासून वेगळी, स्वतंत्रपणे राखलेली. यात नुसती स्मृतिरक्षा नाही, एक भूमिका आहे : वचनाचा अर्थ त्याच्या प्रसंगावाचून पुरा होत नाही. सगळ्याच सूत्रांचे मूळ उपलब्ध लीळाचरित्रात सापडते असे नाही. काहींच्या बाबतीत उलट शोधाचे उत्तर ‘निल’ येते. तरी ते सूत्र गाळले गेले नाही की त्याला बनावट प्रसंगही चिकटवला नाही, हे मला विशेष मोलाचे वाटते. मराठीत भाष्याची परंपरा ज्ञानेश्वरांपासून मोजण्याची आपल्याला सवय आहे. भाष्याइतकेच महत्त्वाचे असे हे दुवे जोडण्याचे, माग काढण्याचे शास्त्र मराठीत याच काळात उभे राहत होते, याची दखल आपल्या वाङ्मयेतिहासांनी पुरेशी घेतलेली नाही.

‘दृष्टान्तपाठ’ हे याच्याही पुढचे पाऊल. केसोबासांनी चक्रधरांचे ११४ दृष्टान्त घेतले आणि प्रत्येकाची मांडणी तीन पदरी केली : सूत्र, दृष्टान्त, दार्ष्टान्तिक. दृष्टान्तातली गोष्ट मूळ चक्रधरांची, सूत्रही त्यांचे. त्यांचा जोड दाखवणारे दार्ष्टान्तिक केसोबासांचे. कोणता पदर कोणाचा हे वाचकाला कळावे अशी सोय रचनेतच केलेली आहे. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट शालेय पुस्तकात वाचताना तिचा सूत्राशी असलेला धागा तुटतो आणि ती फक्त गोष्ट उरते. गोष्ट म्हणूनही ती सुंदरच आहे, त्याविषयी वाद नाही.

आणि ‘स्थानपोथी’. मुनिव्यासांच्या नावावर असलेल्या या ग्रंथाची किल्ली गाव ही आहे. चक्रधर, गोविंदप्रभू ज्या ज्या ठिकाणी गेले ते गाव, त्यातले देऊळ, देवळाच्या कोणत्या दिशेला कोणते आसन, कुठे वस्ती, कुठे आरोगणा, असे बारीक टिपण त्यात आहे. लीळाचरित्रातील तोच ऐवज इथे भूगोलाच्या किल्लीने पुन्हा लावलेला दिसतो. एकाच सामग्रीच्या या निदान तीन मांडण्या झाल्या : काळाच्या ओघाने, विषयाने, स्थळाने. तीन मांडण्या एकमेकींना साक्ष देतात आणि कधीकधी एकमेकींना खोटे पाडतात. पाठशोधकासाठी याहून अधिक भाग्याची गोष्ट नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश पाहताना या परंपरेची आठवण होते. शब्दाखाली त्याचे स्थळ दिलेले नसते तर त्या कोशाची अर्धी किंमत उरली असती.

किल्ली म्हटले की महानुभावांच्या संदर्भात अनेकांना सकळ लिपी आठवेल. अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा चिन्ह योजणारी ही लिपी रवळोबासांनी सिद्ध केली असे मानतात. पुढे आणखीही अशा लिप्या निघाल्या. ही किल्ली वेगळ्या अर्थाची आहे, हे स्पष्ट केले पाहिजे. डिक्शनरीची किल्ली ऐवज कुठे आहे ते सांगते. सांकेतिक लिपीची किल्ली तो कोणाला वाचता यावा ते ठरवते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी ही लिपी पंथाबाहेरच्या अभ्यासकांसमोर उलगडली आणि शतकानुशतके बंद असलेले वाङ्मय मराठी वाचकाला दिसू लागले. इयन रेसाइड या इंग्रज अभ्यासकाने १९७० मध्ये या लिपीवर स्वतंत्र लेख लिहिला. कुलूप उघडल्याचा तो आनंद मोठाच होता. पण उघडलेल्या खोलीत काय कुठे ठेवले आहे याचा हिशेब लावायचे काम अजून व्हायचे होते, आणि इथे यवतमाळचा प्रवेश होतो.

यशवंत खुशाल देशपांडे हे यवतमाळचे वकील. त्यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५ मध्ये यवतमाळहूनच प्रसिद्ध झाला. पुणे-मुंबईच्या विद्वत्केंद्रांपासून इतक्या दूर, तेव्हाच्या मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या एका जिल्ह्याच्या गावी बसून पंथाच्या कवींचा, ग्रंथांचा, काळाचा आलेख मांडण्याचे धाडस त्यांनी केले. त्यांच्या पुढाकाराने यवतमाळला ‘शारदाश्रम’ ही संशोधनसंस्था उभी राहिली आणि तिच्याकडे हस्तलिखिते जमत गेली. पंथाची तीर्थे वऱ्हाडात, मठ वऱ्हाडात, पोथ्या कपड्यात गुंडाळून देव्हाऱ्यापाशी ठेवणारी कुटुंबे वऱ्हाडातल्या खेड्यांत. तेव्हा हे काम यवतमाळसारख्या ठिकाणी होणे स्वाभाविक होते असे आज म्हणता येईल. पण स्वाभाविक वाटणारी कामे कोणीतरी केल्याशिवाय होत नाहीत. देशपांडे वकील होते ही गोष्टही मला निव्वळ योगायोग वाटत नाही. दस्त कोणाचा, कोणत्या गावचा, कोणत्या सालचा, कोणाच्या हातून कोणाकडे आला, हे प्रश्न ज्याच्या अंगवळणी पडलेले असतात त्याला पोथीच्या शेवटी असलेली लेखकाची नोंद ही शोभेची ओळ वाटत नाही. हे अर्थात माझे अनुमान.

महानुभाव ग्रंथांची सूची करणे किती अवघड आहे याची कल्पना बाहेरच्याला येत नाही. एकाच माणसाची नावे अनेक. शिशुपाळवध लिहिणारे भास्करभट्ट बोरीकर हेच कवीश्वरबास. नागदेव हेच भटोबास. केसोबास कुठे केशिराज, कुठे केशवराज सूरी. सूचीकाराने सावध राहिले नाही तर एका माणसाचे तीन कवी होतात. उलट बाजूने, एकच नाव पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळ्या आम्नायांत फिरून येते, आणि मग तीन कवींचा एक माणूस होतो. नंतरची नोंद आधीच्या नोंदीवर बसते आणि आधीची पुसली जाते. यावर उपाय एकच : किल्ली लांब करायची. नुसते नाव नव्हे, तर आम्नाय, गुरू, ग्रंथ, शक्य असेल तर शक. रेसाइड यांनी १९६० मध्ये महानुभाव मराठी ग्रंथांची जी सूची प्रसिद्ध केली ती अशा आधीच्या सूचीकारांच्या श्रमावर उभी आहे. सूचीकाराचे नाव सहसा कोणी घेत नाही. वाङ्मयेतिहास लिहिणारा प्रसिद्ध होतो आणि ज्याच्या नोंदींवर तो लिहिला गेला तो ऋणनिर्देशाच्या एका ओळीत मावतो. यवतमाळच्या या माणसाच्या वाट्याला थोडेफार तसेच आले.

पाश्चात्त्य देशांतही हा प्रश्न आपल्याला वाटतो तितका आधी सुटलेला नव्हता. १९५३ मध्ये आयबीएम कंपनीतील हान्स पीटर लून यांनी किल्लीवरून ऐवजाची जागा गणिताने काढण्याची युक्ती एका अंतर्गत टिपणात मांडली. आजच्या बहुतेक डिक्शनऱ्या तिच्या वंशातल्या आहेत. पण साहित्याच्या माणसाने लून यांचे आभार मानावेत ते वेगळ्या कारणासाठी. त्याच दशकाच्या अखेरीस त्यांनी अशी सूची पुढे आणली की जिच्यात शोधलेला शब्द मधोमध असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे मूळ शब्द तसेच छापलेले असतात. शेजार कापायचा नाही, एवढीच कल्पना. त्याआधीच, १९४९ मध्ये, रोबेर्तो बूसा हा इटालियन जेझुइट पाद्री त्याच कंपनीकडे गेला होता, संत थॉमस अक्वायनसच्या समग्र लॅटिन वाङ्मयाची शब्दसूची करण्याची कल्पना घेऊन. ती पुरी व्हायला सुमारे तीस वर्षे लागली. एका धर्माचार्याची वचने प्रसंगासह जपण्यासाठी प्रकरणवश लिहिणारे आणि दुसऱ्या एका धर्माचार्याच्या शब्दांसाठी छिद्रपत्रे भरणारे, यांच्यात जवळजवळ सहा शतकांचे अंतर आहे.

आज लीळाचरित्राचे, सूत्रपाठाचे तुकडे आंतरजालावर हवे तेवढे मिळतात. ज्याने ते प्रथम चढवले त्याने ऐवज दिला. पुढच्याने तेथून उचलला. तिसऱ्याने चित्रावर लिहून पाठवला. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. शोधयंत्राला वाक्य दिले तर ते तेच वाक्य असलेली हजार पाने दाखवते आणि त्यांतल्या बहुतेकांना मूळ ठिकाणाचा पत्ता नसतो. हा शोध वरवर उलटा दिसतो, पण तो किल्लीकडे जात नाही. ऐवजाच्या नकलांकडे जातो. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाल्यापासून अशा वचनांना भाषणांत मागणी वाढली आहे, आणि मागणीचा माल सुट्टाच लागतो. जुन्या ग्रंथांचे अंकन करणाऱ्या आपल्या संस्थांनी पानांची छायाचित्रे काढून थांबू नये. भाग, लीळा, पाठ, वासना, सूत्र, प्रकरण हे दुवे त्या पोथ्यांनी स्वतःच देऊन ठेवले आहेत. ते नव्याने शोधायचे नाहीत, फक्त टिकवायचे आहेत. त्यासाठी मराठीचे आणि संगणकाचे अभ्यासक एका टेबलाशी बसले पाहिजेत. आमच्या शिक्षककक्षात ते योगायोगाने बसतात, इतकेच.

विद्यार्थ्याला मी फेल्डहाउस यांचा १९८३ साली प्रसिद्ध झालेला सूत्रपाठाचा अभ्यास दिला, शेजारची सूत्रे मूळ मराठीत वाचायला लावली आणि प्रकरणवश म्हणजे काय ते सांगितले. पंधरा दिवसांनी सुधारलेला निबंध आला. पूर्वी जिथे एक ठसठशीत परिच्छेद होता तिथे आता साडेतीन पाने आहेत. प्रदेशाभिमानाचा निष्कर्ष गेला आहे; त्याच्या जागी साधकाने मान का टाळावा, भाष्यकारांनी सूत्रात प्रदेश कसा वाढवला, आणि आपण त्यात प्रांत कसा वाचला, अशी तीन थरांची चर्चा आहे. ती काहीशी रटाळ झाली आहे, हे त्याला सांगितले. चर्चासत्रात त्याला दहा मिनिटे मिळणार होती. आता काय गाळू, असे तो विचारत होता.